औषधाचा गुण आणि औषधाचा उपद्रव
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेत दिलेले भाषण)



हा विषय डॉक्टरांचा आहे, आपला नव्हे, असे आपणांस वाटेल. परंतु औषधाच्या वेष्टनावरील अक्षरे वाचून घेण्यासाठी खेड्यातील पालक पुष्कळदा आपणांकडेच येतात. म्हणून याची थोडी ओळख आपणांस असणे इष्ट आहे.

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला. त्या व तत्सम प्रतिजैविक औषधांनी असंख्य मुलांचे प्राण वाचविले आहेत. तथापि, जेथे गुण आहे तेथे उपद्रवाचाही संभव असतो. हे उपद्रव तीन प्रकारचे समजावेत.

पहिला प्रकार सौम्य होय. रोगजंतूंबरोबर आतड्यांतील उपकारक जंतूही मरतात. त्यामुळे मळमळ होते, पातळ शौचास होते. अशा वेळी मुलास जलसंजीवनी द्यावी व डॉक्टरांना विचारावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये. जुलाब फार झाले किंवा रक्त पडले, तर मात्र त्वरित दाखवावे.

दुसरा प्रकार वावड्याचा. अंगावर गांधी उठल्या, तर पुढील मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांना गाठावे. ओठ वा चेहरा सुजला, श्वास लागला, तर औषध तत्काळ थांबवून १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. येथे विलंब प्राणघातक ठरतो. ज्यास पेनिसिलिनचे खरे वावडे आहे, त्याला अमॉक्सिसिलिनही धोक्याचे, कारण ते त्याच कुळातील आहे. नावे निराळी असल्याने ही गोष्ट पालकांच्या ध्यानी येत नाही.

तिसरा प्रकार कायमच्या हानीचा. टेट्रासायक्लिनमुळे लहान मुलांच्या दातांवर न जाणारे डाग पडू शकतात. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी क्वचित श्रवणशक्ती जाते. दीर्घ आजारातून उठलेले मूल हाकेला ओ देत नसेल, तर त्यास बेपर्वा म्हणून शिक्षा करण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत. त्याचा दोष कदाचित काहीच नसेल.

साध्या सर्दीवर ही औषधे चालत नाहीत. एकाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत, हेही पालकांस सांगावे.

शेवटी एकच विनंती. ज्या मुलास एखादे औषध बाधले असेल, त्याच्या नावापुढे औषधाचे नाव, दिनांक व झालेला त्रास वहीत लिहून ठेवा, आणि तीच चिठ्ठी पालकांस द्या. पुढे कोणा अपरिचित डॉक्टरांसमोर ते मूल उभे राहील, तेव्हा आपण लिहिलेली ती एक ओळ त्याचे रक्षण करील.