काकडी कुणाच्या नावावर?

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील महिला मंडळांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



सकाळी दोन गटांनी एकच प्रश्न विचारला, ‘ताई, घेर्किन लावायची का?’ मी काही कृषी अधिकारी नाही. पण या पिकात बाईचं काम किती आणि तिच्या हाती येतं काय, हे बघणं आपलं काम आहे. तेवढंच बोलते.

घेर्किन म्हणजे बोटाएवढी काकडी. व्हिनेगरमध्ये किंवा मिठाच्या पाण्यात मुरवून ती परदेशात जाते. १९९० च्या सुमारास कर्नाटकात हे पीक करारावर सुरू झालं, मग तामिळनाडू आणि आंध्रात पसरलं. २०२०-२१ साली भारतातून काकडी आणि घेर्किन मिळून सुमारे सव्वादोन लाख टन माल बाहेर गेला. या निर्यातीत जगात पहिला नंबर आपला. आणि ही काकडी खुडतात हातानं.

आता आपली काकडी बघा. मृगाचा पाऊस पडला की परसात, वरकस जमिनीच्या कडेला, नाचणी-वरीच्या शेजारी बाईच बी टोकते. ते बी तिनंच गेल्या वर्षीच्या जून, पिवळ्या पडलेल्या काकडीतून काढून राखेत घोळवून ठेवलेलं असतं. श्रावण-भाद्रपदात ती पाटी घेऊन कसाऱ्याच्या हमरस्त्यावर नाहीतर माळशेजच्या वाटेवर बसते. काकडी चिरून, मीठ-तिखट लावून गाडीवाल्याच्या हातात देते. उरलेली घरी कोशिंबिरीत जाते, जून झालेली किसून तांदळाच्या पिठात. रस्त्यावर पावसात भिजावं लागतं, हुसकावून लावतात, गाडीत बसलेली माणसं पाच रुपयांसाठी घासाघीस करतात. याचे गोडवे मला गायचे नाहीत. पण भाव ती सांगते आणि पैसे तीच मोजते. संध्याकाळी तेल-मीठ घेऊन घरी जाते तेव्हा तिला कुणाला हिशेब द्यावा लागत नाही.

घेर्किनचं तसं नाही. पेरल्यापासून पस्तीसेक दिवसांत तोडा सुरू होतो आणि पुढे महिना-दीड महिना रोज तोडावं लागतं. भाव मापावर ठरतो. जेवढी बारीक काकडी तेवढा जास्त, मोठी झाली की कमी, आणि एका मापाच्या पुढे कंपनी घेतच नाही. फळ एका रात्रीत वाढतं. म्हणजे एक दिवस बाई तापानं पडली, माहेरी मयताला गेली, की दुसऱ्या दिवशीचा माल खालच्या प्रतीत. हे काम ‘बायकांच्या नाजूक बोटांचं’ म्हणतात. वेलाची लव खरखरीत, दिवसभर वाकून हात ओरबाडून निघतात, तरी बोटं नाजूकच! फवारणीचा पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो, पण फवारलेल्या पानांत दुसऱ्या दिवशी हात घालते ती बाई. आणि तिचे दोन हात पुरले नाहीत की शाळेतली मुलगी घरी राहते. हे आपण भेंडीच्या तोडणीत पाहिलंय.

आता कागदाचं बोलू. बियाणं संकरित, दर हंगामाला नवं. ते, खत, औषध कंपनी उधारीवर देते आणि बिलातून कापून घेते. करार होतो ज्याच्या नावावर सातबारा त्याच्याशी, आणि पैसे जमा होतात त्याच्याच खात्यात. रस्त्यावर जी विकणारी होती, ती इथं नुसती तोडणारी होते. शेत घरचंच, म्हणून मजुरीही नाही.

नावाचा प्रश्न जुना आहे. १९९२ साली राज्य सरकारनं लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. सगळं अडलंय ते त्या ‘तर’पाशी. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ ला झाली, केंद्राची २००५ ला. पण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे आमच्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी मुलीपर्यंत ही दुरुस्ती पोचतच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड बाईच्या वारसांना वाटा दिला. मुलींना वगळण्याची रूढी आहे असं समोरच्यांना सिद्ध करता आलं नाही. हा निकाल पाड्यावर वाचून दाखवण्यासारखा आहे. वनहक्क कायद्यात मात्र, २००६ पासूनच, वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचं लिहिलंय. तुमच्या पट्ट्यावर तुमचं नाव आहे का, किती जणींनी पाहिलंय? हात वर करा... एवढेच?

पाण्याचंही आहे. आपल्या धो धो पावसात या वेलावर केवडा पडतो, म्हणून ही इथं पावसानंतरची, ओलिताची शेती. तानसा आणि भातसा आपल्या शहापुरात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये कितीतरी पाड्यांवर टँकर. कालव्याखालच्या गावांचं ठीक आहे. इतर ठिकाणी त्या वेलांना पाणी कोण घालणार? जिच्या डोक्यावर आधीच हंडा आहे तीच.

घेर्किन लावूच नका असं मी म्हणत नाही. घरात रोकड यायला हवी, मलाही कळतं. पण अंगठा उठवण्याआधी करार मराठीत मागा आणि गटात मोठ्यानं वाचा. नाकारलेल्या मालाचं नुकसान कुणाचं, ते लिहून घ्या. करारावर दोघांची सही, आणि तोडणीचे पैसे तोडणारीच्या खात्यात, हे घरात आधी बोला. कंपनीशी बोलण्यापेक्षा ते अवघड आहे, माहीत आहे. आणि परसातली चार आळी घरच्या बियाण्याची ठेवाच.

जेवणानंतर आपण अर्ज भरायला बसू. ज्यांनी सातबारा किंवा वनपट्ट्याची झेरॉक्स आणली आहे, त्यांनी खिडकीकडच्या सतरंजीवर बसा. ज्यांना घरून कागद मिळाला नाही, त्यांनीही बसा. तुमच्यासाठी तलाठ्याकडे मागणीचा अर्ज वेगळा आणलाय.