ड्रायरच्या दाराची पट्टी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाचा सराव नाही, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या लाँड्रीतले काही सांगा." म्हणून एका रबराच्या पट्टीची हकीगत सांगते.

आमच्या लाँड्रीतला कपडे वाळवायचा मोठा ड्रायर आपण पाहिलाच असेल. त्याच्या गोल दाराला कडेने रबराची पट्टी असते. २०२३ च्या पावसाळ्यात कपडे वाळेनासे झाले. चाळीस मिनिटांत निघणाऱ्या चादरी तासाभरानेही दमट! विजेचे बिल पाहून आमचे हे संतापले. कामावरचा मुलगा यंत्र गच्च भरतो, असे आम्ही ठरवून टाकले आणि त्याच्या पगारातून दोनशे रुपये कापले. मीही "राहू द्या" म्हटले नाही. तो एवढेच म्हणाला, "काकू, मी मोजूनच भरतो हो."

आठ दिवसांनी मी स्वतः ड्रायर पुसायला बसले. आधी लव अडकते ती जाळी पाहिली. ती तुंबली तरी कपडे वाळत नाहीत, शिवाय आगीचे भय. जाळी स्वच्छ होती. मग दार पाहिले, तर खालच्या अंगाला पट्टी दबून टणक झालेली आणि एके ठिकाणी चिरलेली.

कुकरची रिंग सैल झाली की वाफ फुसफुसते, आपल्याला लगेच कळते. ड्रायरचे उलटे. आमच्या ड्रायरचा पंखा आतली हवा ओढून बाहेर टाकतो, आणि तिच्या जागी तापलेल्या कॉइलवरून गरम हवा कपड्यांत येते. दाराला फट असली की दुकानातली गार, ओलसर हवा तिथूनच आत शिरते. बाहेर काहीच दिसत नाही. वीज मात्र जळत राहते.

परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद असताना वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि कागद हळूच ओढायचा. अडखळत आला तर ठीक, अलगद निघाला तर तिथे फट. असे सबंध दाराभोवती करायचे. आमचा कागद खाली चार ठिकाणी अलगद निघाला.

नवी पट्टी त्याच यंत्राची, त्याच जाडीची आणवली. जुना गोंद पूर्ण खरवडून काढला. चिकटवायला उष्णता सोसणारा सिलिकॉनच हवा. साधा गोंद गरम झाला की सुटतो. पट्टी ताणून लावू नये, मागाहून ती आखडते आणि सांधा उघडतो. बिजागरीही सैल होती. ती आवळली नसती तर नवी पट्टीही फुकट गेली असती. यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवले.

आता रोज रात्री मेन स्विच बंद करून, यंत्र निवल्यावर, साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पट्टी पुसतो. रॉकेल किंवा थिनर लावत नाही, त्याने रबर खराब होते. साडीचा पदर, परकराची नाडी दारात अडकू देत नाही.

चादरी पुन्हा चाळीस मिनिटांत निघू लागल्या, त्या दिवशी मी दोनशे रुपये मुलाच्या हातावर ठेवले. चूक आमची होती, हेही यांच्यादेखत सांगितले. हे जरा घुश्शात होते, पण बोलले नाहीत.

शनिवारची कागदाची परीक्षा आता तोच घेतो. कुणाला पाहायची असेल तर दुकान बंद व्हायच्या सुमारास यावे, चहाही होईल.