मोडणीची वही

गावाकडचा आमचा वाडा उतरवला, तेव्हा कोणती पाचर आधी काढली म्हणजे तुळई अंगावर येणार नाही, हे एका म्हाताऱ्या सुतारालाच ठाऊक होते. बंद पडलेल्या अणुभट्ट्या कशा मोडतात हे वाचताना मला तो सुतार सारखा आठवत राहिला.

भट्टी बंद झाली की आधी इंधन काढतात. त्याबरोबर ९९ टक्क्यांहून अधिक किरणोत्सर्ग बाहेर जातो. मग उरते पोलाद. नळांत साचलेला किरणोत्सारी मळ रसायनांनी धुता येतो. पण वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसलेले पोलाद स्वतःच किरणोत्सारी होते. ते धुता येत नाही. त्यातल्या कोबाल्ट-६० चा जोर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. ५० वर्षांनी साधारण सातशेवा हिस्सा राहतो.

मग थांबावे की! पण तोवर भट्टी जाणणारी माणसे उरत नाहीत. कुठला नळ केव्हा बदलला, नकाशात नसलेला जोड कुठे आहे, हे सांगणार कोण? म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही लवकर मोडणीलाच पसंती देते.

लवकर मोडायचे तर किरणांपासून माणसाला जपावे लागते. पाणी किरणांना अडवते, म्हणून आतले भाग पाण्याखाली, लांबून चालणाऱ्या हत्यारांनी कापतात. पण कापले की कीस पडतो. तोही गाळून जपून ठेवायचा.

अमेरिकेत ओरेगॉनमधली ट्रोजन भट्टी १९९३ मध्ये कायमची बंद झाली. तिथे मुख्य पात्र कापलेच नाही. आतल्या भागांसकट ते काँक्रीटने भरले आणि ऑगस्ट १९९९ मध्ये सुमारे १००० टनांचे ते धूड बार्जवरून, कोलंबिया नदीतून हॅनफर्डला नेऊन पुरले. कामगारांचा किरणांशी संबंध कमी आला. मात्र नदी दाराशी होती आणि पुरायला जागाही होती. सर्वांनाच हे कसे साधणार?

आपल्या तारापूरने १९६९ मध्ये वीज द्यायला सुरुवात केली. कधी ना कधी प्रत्येक भट्टीवर ही वेळ येते. म्हणून मला वाटते, भट्टी उभारतानाच मोडणीची वही लिहायला घ्यावी आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद तिच्यात करावी. आमच्या सुताराने काहीच लिहून ठेवले नव्हते. तो हयात होता, म्हणून आमचे निभावले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)