खानदेशांतील शेती आणि बिळांतले प्राणी

खानदेश म्हटला कीं तापीकांठची काळी माती, कापूस आणि केळी डोळ्यांपुढें येतात. परंतु श्रोतेहो, याच मातीच्या पोटांत आणखी एक वस्ती नांदत असते. शेतीची तऱ्हा पालटली म्हणजे त्या वस्तींतील रहिवासीही पालटतात.

काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जमिनींत कायमचें बीळ टिकणें कठीण. म्हणून खोकड आपलें घर मुरमाड टेकाडावर, उंच बांधावर किंवा गवताळ पडीत जमिनींत करतें. त्या बिळाला अनेक तोंडें असतात. तेंच बीळ वर्षानुवर्षें उपयोगांत येतें, आणि उन्हाळा लागण्याच्या सुमारास मादी त्यांत दोन-चार पिलें वाढविते. बोरें, टोळ, खेंकडे आणि उंदीर हें खोकडाचें खाद्य.

धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें पाणी वांटून घेण्याची रीत फार जुनी आहे. १९६९ सालीं गिरणा धरण पुरें झालें. पुढें विहिरी आणि ठिबक सिंचन यांच्या बळावर रावेर-यावल भागांत केळीचे मळे पसरले. माती बारमाही ओली राहूं लागली. कोरड्या रानांत उड्या मारीत हिंडणाऱ्या झुपकेदार शेपटीच्या उंदराला ती मानवत नाहीं. लहान घुशीला मात्र चांगलीच मानवते. घूस पाटाचे कांठ पोखरते, पाणी वाया जातें, आणि कणसें बिळांत सांठविलीं जातात. इकडे पडीत जमीन नांगराखालीं येऊन खोकडाचें घर मोडतें. चोराला घर मिळावें आणि पहारेकऱ्याचें जावें, तसाच हा प्रकार.

एकट्या खोकडानें उंदरांचा बंदोबस्त होत नाहीं. घुबड, धामण, मुंगूस यांचाही त्यांत वांटा असतो. शिवाय ओलिताच्या शेतांतील रुंद, गवताळ बांध घुशीलाच आसरा देतात, म्हणून ते अरुंद व स्वच्छ ठेवणें योग्यच. परंतु तोच न्याय शिवाराच्या कडेच्या टेकाडाला लावूं नये. तेथील गवत राखावें. विषारी आमिषानें मेलेले उंदीर उघड्यावर न टाकतां पुरावे, कारण ते खोकडाच्या पोटांत जाण्याचा संभव असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें खोकडाच्या शिकारीस बंदी आहे. पण त्याचें बीळ वांचणें शेतकऱ्याच्याच हातीं आहे. टेकाडावर नांगर घालण्यापूर्वीं बिळाच्या तोंडाशीं ताजी माती व खेंकड्यांचीं कवचें पडलीं आहेत कीं काय, एवढें पाहणें अवघड नाहीं.