काम चालतं, नाव चालत नाही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



गोठ्यातलं शेण कोण काढतं? चारा कोण घालतं, धार कोण काढतं? आपणच. आणि डेअरीचं सभासदत्व बहुतेक घरांत कुणाच्या नावावर? म्हणून आज एलीन कस्टची गोष्ट सांगते.

एलीन १८६८ साली आयर्लंडमध्ये जन्मली. घरच्यांना कमीपणा नको म्हणून तिने एडिंबरोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात 'कस्टन्स' या बदललेल्या आडनावाने प्रवेश घेतला. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेजने तिला परीक्षेला बसू दिलं नाही. कारण एकच, ती बाई होती. तिने १९०० मध्ये शिक्षण पुरं केलं, पण पदविका नाही. तशीच ती रॉसकॉमन भागात जनावरांवर उपचार करू लागली.

पुढे गॉलवेच्या कौन्सिलने तिला पशुवैद्यकीय निरीक्षक नेमलं. रॉयल कॉलेजने हरकत घेतली. मग तोड काय निघाली? काम तेच ठेवलं, हुद्द्यातला 'पशुवैद्यकीय' हा शब्द तेवढा काढला!

स्त्रियांच्या दीर्घ लढ्यानंतर १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि व्यवसायांतली ही बंदी उठली. १९२२ मध्ये एलीनला पदविका मिळाली. ब्रिटन-आयर्लंडमधली ती पहिली स्त्री पशुवैद्य. तेव्हा ती ५४ वर्षांची होती. दोनच वर्षांनी तिने व्यवसाय सोडला.

तिचे कष्ट सगळ्यांना चालले, नाव तेवढं खुपलं. तेव्हा बायांनो, घरी गेल्यावर डेअरीच्या पुस्तकावर कुणाचं नाव आहे ते बघा. पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात करू.