अक्षरांवरील धुके
(शिक्षकांच्या मासिक परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फलकलेखन हा आपल्या प्रशिक्षणातील जुना व मानाचा विषय. अक्षर वळणदार असावे, ओळ सरळ जावी, शेवटच्या रांगेतील मुलास ते दिसावे, या गोष्टी अध्यापक विद्यालयातच आपणां सर्वांच्या अंगी मुरल्या आहेत. आज ज्या फलकाविषयी मी बोलणार आहे तो मात्र खडूचा नव्हे. तो संगणकाच्या पडद्यावर तयार होतो आणि तालुक्याच्या गावी फ्लेक्सवर छापून शाळेच्या दारी लागतो. पटनोंदणी, स्नेहसंमेलन, बालनाट्य, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ अशा प्रसंगी तो बहुधा आपणच करतो. अलीकडे शाळाभेटींत या फलकांवरील अक्षरे धुक्यातून वर आल्यासारखी, धुराने वेढल्यासारखी किंवा आतून उजळल्यासारखी केलेली आढळतात. ही हौस चांगली आहे. ती रीतसर कशी पुरवावी आणि तिला कोठे लगाम घालावा, एवढाच आजचा विषय.

प्रथम प्रत्यक्ष धुक्याकडे पाहू. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. दृश्यमानता १ किलोमीटरहून कमी झाली म्हणजे हवामानशास्त्रज्ञ त्यास धुके म्हणतात. हे थेंब प्रकाशातील सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते. निर्मळ हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून महाबळेश्वरच्या कड्यावरून पाहिले असता पलीकडच्या डोंगररांगा निळसर होत जातात. हिवाळ्यातील एखाद्या सकाळी मुलांना शाळेच्या अंगणात उभे करावे. जवळचा आंबा काळाकुट्ट, त्यामागील घर करडे, देवळाचा कळस फिकट आणि टेकडी तर असून नसल्यासारखी. वस्तू जसजशी दूर जाते तसतसा तिचा काळेपणा ओसरतो, उजेड व सावली यांतील फरक मिटत जातो आणि कडा विरघळतात. इटलीचा चित्रकार लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याने ही गोष्ट बारकाईने अभ्यासली होती. कडा विरविण्याच्या त्याच्या रीतीस ‘स्फुमातो’ म्हणतात व त्या शब्दाच्या मुळाशी धूर आहे. ज्याने धुके डोळसपणे पाहिले नाही त्याच्या हातून संगणकावर केवळ पांढरा चिखल होतो.

आता साधनाविषयी. ‘फोटोशॉप’ हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. अमेरिकेतील थॉमस व जॉन नोल या बंधूंनी रचलेले हे साधन १९९० साली बाजारात आले. ते विकत घ्यावे लागते आणि त्याची चोरटी प्रत शाळेच्या संगणकावर ठेवणे आपणांस शोभत नाही. ज्या खोलीत आपण परिपाठात प्रामाणिकपणाचे पाठ देतो त्याच खोलीत तो संगणक असतो. तशी गरजही नाही. बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ‘गिम्प’ हे साधन रचण्यास आरंभ केला व १९९६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ते आजही विनामूल्य मिळते. आपल्या कामास ते पुरून उरते.

या साधनाचे सारे मर्म थरांत आहे. पतंगी कागदाचे चार ताव एकावर एक ठेवावेत, प्रत्येकावर वेगळे चित्र असावे व वरून पाहणाऱ्यास ते एकच दिसावे, तसे हे थर, म्हणजे लेअर. ३ फूट रुंद व २ फूट उंच फलकासाठी इंचास १०० बिंदू धरले तर ३६०० गुणिले २४०० बिंदूंचे चित्र उघडावे. सर्वांत खाली आपल्याच गावच्या सकाळचे छायाचित्र घालावे. इंटरनेटवरून दुसऱ्याचे उचलू नये. आपल्या शिवारात धुक्याचा तुटवडा नाही. त्यावर शीर्षक ठळक फाँटमध्ये, गडद करड्या-निळ्या रंगात लिहावे. त्या थराची एक प्रत करून ती मूळ अक्षरांच्या खाली सरकवावी आणि फक्त खालच्या प्रतीस ‘गॉसियन ब्लर’ द्यावा. माझ्या अनुभवाप्रमाणे अक्षराच्या उंचीच्या विसाव्या हिश्श्याएवढा ब्लर पुरतो. वरचे अक्षर शाबूत राहते आणि त्याच्या कडेने मऊ छाया पसरते. प्रत आधी करण्याचे कारण असे की, गिम्पच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लर दिलेल्या अक्षरांचे साधे चित्र बनते व मग शुद्धलेखनाची चूक सुधारता येत नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत दिलेला परिणाम मागाहूनही बदलता येतो.

ब्लर म्हणजे काय, हे पाचवीच्या मुलांस सरासरीच्या पाठात सांगण्याजोगे आहे. काळा बिंदू म्हणजे ०, पांढरा म्हणजे २५५. एका ओळीत ०, ०, २५५, २५५ असे चार बिंदू आहेत. मधोमध धारदार कड आहे. आता प्रत्येक बिंदूची दुप्पट, अधिक दोन्ही शेजारी, भागिले ४ असे करा. दुसरा बिंदू ६४ होतो, तिसरा १९१. म्हणजे ०, ६४, १९१, २५५. कड विरली! संगणक हेच अधिक शेजाऱ्यांना घेऊन करतो. जवळच्या शेजाऱ्यास अधिक मान, दूरच्यास कमी. हा मान ज्या वक्ररेषेने ठरतो तिला गाउस (१७७७–१८५५) या जर्मन गणितज्ञाचे नाव आहे.

यानंतर प्रत्यक्ष धुक्याचा थर. सर्वांत वर एक नवा थर घेऊन ‘फिल्टर्स’मधील ‘रेंडर’, त्यातील ‘नॉइज’ व त्यातील ‘सॉलिड नॉइज’ निवडावे. ढगांसारखी काळीपांढरी आकृती उमटते. आडवी व उभी मापे बदलून तिचे पट्टे आडवे करावेत, कारण दरीतील धुके आडवे पसरते. मग त्या थराचा मिश्रणप्रकार ‘स्क्रीन’ करावा. एकाच पडद्यावर दोन यंत्रांतून दोन चित्रे टाकली तर जेथे एकात अंधार आहे तेथे दुसरे तसेच दिसते व जेथे उजेड आहे तेथे उजेडात भर पडते. हा प्रकार तोच आहे. ढगांतील काळे नाहीसे होते, पांढरे तेवढे उरते. थराचा दाटपणा निम्म्यावर आणला म्हणजे बहुधा पुरे.

हे धुके हवे तेथे ठेवण्यासाठी मास्क असतो. चित्रकलेच्या तासाला आपण कागदावर पिंपळाचे पान ठेवतो, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने रंगाचे तुषार उडवितो आणि पान उचलतो. पानाखालील कागद कोरा राहतो. मास्क म्हणजे ते पान. त्यावर पांढरे असेल तेथे धुके दिसते, काळे असेल तेथे झाकले जाते, करडे असेल तेथे अर्धेमुर्धे. मऊ कुंचल्याने मास्कवर काळे फिरविले की धुके बाजूस सरते, पांढरे फिरविले की परत येते. काहीच कायमचे पुसले जात नसल्यामुळे नवशिक्याने भिण्याचे कारण नाही.

येथपर्यंतची कृती कोणत्याही लिपीस लागू आहे. पण या कृती शिकविणारे बहुतेक पाठ रोमन अक्षरांसाठी असतात व तेथेच आपली फसगत होते. त्या पाठांत अक्षरांचे पाय धुक्यात बुडवितात. रोमन मोठी अक्षरे आधाररेषेवर उभी असतात. पाय थोडे बुडाले तरी ओळख पटते. आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते आणि त्याच्या पायाशीच उकार असतात. पाय बुडविले की ‘गुण’चा ‘गण’ होतो, ‘कुल’चे ‘कल’. वरच्या बाजूस तीच गोष्ट अनुस्वाराची व रफाराची; उजळ आभाळावर जरा ब्लर वाढला की ‘अंक’मधील टिंब प्रथम जाते. म्हणून देवनागरीत धुके अक्षरांच्या मागे दाट ठेवावे व पुढे विरळ. पायाशी हवेच असेल तर उकाराच्याही खालून सुरू करावे, आणि मास्कवर लहान कुंचला घेऊन प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी व टिंब मोकळे करावे. हे काम वेळखाऊ आहे. ते टाळू नये.

अक्षरांमधील अंतरही वाढवू नये. रोमन शीर्षकास विरळ अक्षरे शोभतात. आपली शिरोरेषा मात्र तुटते आणि शब्दाचे सुटे मणी होतात. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फाँटमधून उचललेला मजकूर येथे निरर्थक चिन्हांचा होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’ व ‘बलू’ हे फाँट विनामूल्य आहेत व त्यांत ठळक वजने मिळतात. मजकुराच्या पर्यायांत भाषा मराठी निवडण्यास विसरू नये. ज्या फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात तेथे त्यामुळे देठाचा श व पाकळीचा ल उमटतो; पहिलीच्या मुलास पुस्तकात एक श आणि दारावर दुसरा श दिसू नये.

हे सारे मी इतक्या आग्रहाने का सांगतो? एका शाळेच्या दारी पटनोंदणीचा फलक होता. शिक्षकाने त्यावर मन लावून काम केले होते. उगवता सूर्य, धुके, त्यातून वर येणारी अक्षरे. प्रौढपणी अक्षरओळख झालेली एक माउली नातवाला घेऊन आली होती. तिने फलकापाशी थांबून बोट धरून एकेक अक्षर जुळविले. शाळेचे नाव जुळले. खालची तारखेची ओळ धुक्यात होती; तेथे बोट थांबले. मग ती कोणास न विचारता नातवाचा हात धरून परत वळली. तिला वाटले, आपल्यालाच वाचता येत नाही. तिला हाक मारून परत बोलाविले, म्हणून नोंद झाली. तिच्याआधी असे किती जण वळले असतील ते त्या फलकालाच ठाऊक.

तेव्हा तारीख, वेळ, ठिकाण, सूचना यांवर कोणताही परिणाम देऊ नये. सपाट पार्श्वभूमीवर गडद, स्वच्छ अक्षरे द्यावीत. पहिली-दुसरीच्या वाचनपट्ट्या व अक्षरतक्ते यांनाही धुके वर्ज्य. परिणाम फक्त शीर्षकास, आणि तोही प्रसंग पाहून. मंद दृष्टीच्या वाचकांसाठी वेबपृष्ठांचे जे संकेत आहेत त्यांत अक्षर व पार्श्वभूमी यांच्या तेजाचे प्रमाण मोठ्या अक्षरांस किमान ३ : १ व लहानांस ४.५ : १ मागितले आहे, आपल्या फलकासही ते लावण्यास हरकत नाही. मोजणे जमले नाही तर चित्राची एक प्रत रंगविरहित करून पडद्यापासून २० फुटांवर उभे राहावे. त्याहून उत्तम परीक्षक म्हणजे दुसरीतील मूल. त्याला शीर्षक आधी सांगू नये. वाचावयास लावावे व ते कोठे अडखळते ते टिपून घ्यावे.

कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरे ज्यांनी पाहिली असतील त्यांस मी काय म्हणतो ते कळेल. नाटकाचा भाव तेथे अक्षराच्या वळणातच उतरलेला असे. धूर हे उसने वातावरण आहे. वळण हे घरचे.

ज्या शाळांत वीज नियमित नसते त्यांनी खट्टू होऊ नये. काळ्या फळ्यावर खडूची पूड कापसाच्या बोळ्याने हलकेच पसरावी, मध्ये दाट व कडेला विरळ, आणि तीवर ओल्या खडूने ठसठशीत अक्षरे काढावीत. कंदिलाभोवतीचे तेज दिसू लागते. पुठ्ठ्याची कापलेली अक्षरे ठेवून भोवती पूड झटकली तर मास्कही झाला.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने ‘गुरुकुल’ हा एकच शब्द धुक्यात घालून आणावा. त्यात तीन उकार आहेत आणि रु चा उकार नेहमीच्या जागी नाही, हे ध्यानात ठेवावे. थरांसह मूळ फाइल गिम्पच्या ‘एक्ससीएफ’ स्वरूपात जपून ठेवावी व छापणाऱ्यास देण्यासाठी वेगळी ‘पीएनजी’ प्रत काढावी. विषयतज्ज्ञ सकाळी १० वाजल्यापासून हजर राहतील. ज्यांना मास्क अवघड वाटतो त्यांनी अर्धा तास आधी यावे.