शनी बाबांवर का चिडलाय?

आजचा विषय: लहान मुलांना गुरू आणि शनी, म्हणजे वायूचे राक्षसी ग्रह, कसे समजवायचे? मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही, हे तुम्हाला माहितीये. मी पुण्यात कोड लिहितो, आणि कोड चालला नाही की गच्चीवर दुर्बीण लावतो. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते आधी चुकून मग शिकलेलं आहे.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीची. भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो, फलटणजवळ. सोबत माझी ७० मिलिमीटरची सेकंडहँड दुर्बीण. नुकतीच अमावस्या झालेली, आकाश काळंभोर. म्हटलं, पोरांना ग्रह दाखवू. तर तिसरीतली माझी भाची म्हणाली, "मामा, गुरू दाखव. शनी नको."

"का गं?"

"त्याची नजर वाईट असते. तो बाबांवर चिडलाय."

झालं असं होतं की दाजींचं हार्डवेअरचं दुकान त्या उन्हाळ्यात बंद पडलं. कुंभ रास, साडेसाती, दर शनिवारी तेल, घरात हेच बोलणं. मोठ्यांनी ते आपल्या परीने पचवलं. पण पोरीने त्यातून एवढंच उचललं, की वर आभाळात कुणीतरी आहे आणि ते माझ्या बाबांच्या मागे लागलंय.

मी काय केलं? लगेच सुरू झालो. "असं काही नसतं! तो हायड्रोजन आणि हेलियमचा गोळा आहे, सव्वाशे कोटी किलोमीटरहून लांब आहे..." ताईच्या सासूबाई, मी त्यांना काकू म्हणतो, गुपचूप ताट उचलून आत गेल्या. ताईने डोळे वटारले. आणि पोरगी रडायला लागली. बग कुठे आहे ते न बघताच मी फिक्स टाकून मोकळा झालो होतो. त्या रात्री दुर्बीण बॅगेतच राहिली.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या टोकाने सुरुवात केली. फराळापासून. एक मिरीचा दाणा घेतला, ही आपली पृथ्वी. मग गुरू केवढा? आडवी ११ पृथ्वी मावतील एवढा, म्हणजे बेसनाचा चांगला मोठा लाडू. शनी त्याहून जरा लहान लाडू. आणि सूर्य? परात. साधारण ५५ सेंटिमीटरची, पुरणपोळीच्या दिवशी निघते ती.

आता अंतरं. परात दारात ठेवली. मिरी ६० पावलांवर. गुरूचा लाडू ३०० पावलांवर. शनीसाठी चालत चालत थेट एसटी स्टँडच्या गेटपर्यंत जावं लागलं, साडेपाचशे पावलं! माझं एक पाऊल साधारण मीटरभराचं धरा. गल्लीतली सात-आठ पोरं मागे. तिथून मागे वळून बघितलं तर परात दिसेना. मिरीचा तर प्रश्नच नाही. भाची बराच वेळ हातातल्या लाडवाकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "इथून त्याला आपलं घर कसं दिसेल?"

मी काही बोललो नाही. हे तिचं तिने शोधलेलं होतं. (परत येताना दोन्ही ग्रह खाल्ले गेले, हे वेगळं सांगायला नको.)

मग प्रश्न सुरू झाले. "गॅसचा ग्रह म्हणजे सिलिंडरमधला गॅस?" गॅस तो नाही, पण सिलिंडर मात्र भारी उदाहरण आहे. भरलेला सिलिंडर हलवला की आत डुचमळल्याचा आवाज येतो, कारण दाबामुळे गॅसचा द्रव होतो. गुरूवरही तसंच. वर हायड्रोजनचा वायू, खाली जावं तसा दाब वाढत जातो आणि तो हळूहळू द्रवासारखा होतो. मध्ये कुठेही जमिनीसारखी रेघ नाही.

"मग उभं कुठे राहायचं?" कुठेच नाही! १९९५ च्या डिसेंबरमध्ये गॅलिलिओ यानातून सुटलेली एक छोटी कुपी गुरूच्या ढगांत शिरली होती. पॅराशूटला लटकून ती जवळपास तासभर माहिती पाठवत राहिली, मग उष्णता आणि दाबापुढे गप्प झाली. खाली जमीन लागलीच नाही.

"गॅस आहे तर उडून का जात नाही?" हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. आपली हवा तरी कुठे उडून जाते? पृथ्वीने धरून ठेवलीये. हायड्रोजन फार हलका, तो पृथ्वीच्या हातून हळूहळू निसटतो. पण गुरूत ३१८ पृथ्वींएवढा ऐवज आहे, त्याच्या मुठीतून कोण सुटणार? मराठीत गुरू म्हणजे जड, हे नाव किती चपखल बसलंय बघा.

संध्याकाळी काकू ओट्यावर बसल्या होत्या. या वेळी मी भाषण केलं नाही, विचारलं. "काकू, साडेसाती साडेसातच वर्षं का असते हो?" त्या म्हणाल्या, "शनी एका राशीत अडीच वर्षं असतो ना. मागची, आपली आणि पुढची, तीन राशी." मी मोबाईलवर गुणाकार दाखवला. १२ राशी गुणिले अडीच, ३० वर्षं. शनीची सूर्याभोवती एक फेरी होते साडेएकोणतीस वर्षांत. म्हणजे हा हिशोब कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे बघूनच मांडलाय. शनैश्चर म्हणजेच हळू चालणारा. तो कुठे आहे, हे पंचांग बरोबर सांगतं. तो दुकान बंद पाडतो, हे मी मानत नाही. काकू मानतात. आम्ही ते तिथेच सोडलं. पण रात्री त्या स्वतःची खुर्ची घेऊन गच्चीवर आल्या.

आठच्या सुमाराला शनी चांगला वर आला होता. आधी दाजींनी बघितलं, मग काकूंनी. त्यांनी बघून हात जोडले. मग भाची. एक डोळा घट्ट मिटून, श्वास धरून. त्या वर्षी शनीची कडी आपल्याकडे जवळपास आडवी वळलेली होती, त्यामुळे बारीक दिसत होती. पिवळट मणी आणि त्यातून आरपार गेलेली टाचणी.

"एवढासा?" ती म्हणाली. मग परत बघितलं. मग परत.

आणि मग डोळा न काढताच विचारलं, "मग बाबांचं दुकान का बंद झालं?"

मंडळी, याचं उत्तर माझ्या दुर्बिणीत नव्हतं. गच्चीवर सगळे गप्प. शेवटी दाजी तिच्याशेजारी खाली बसले आणि म्हणाले, "बायपास झाला बाळा. गाड्या तिकडून जायला लागल्या, गिऱ्हाईक तुटलं. उधारीही फार साचली होती. आता मी दुसरं काहीतरी बघतोय." बस, एवढंच. महिनोन्‌महिने घरात हे तिच्यासमोर कुणीच बोललं नव्हतं. तिने मान हलवली आणि विचारलं, "गुरू कधी उगवणार?"

साडेनऊला पूर्वेला गुरू बघितला. त्याच्या बाजूला एका रेषेत बारीक ठिपके, ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने १६१० मध्ये बघितले तेच. तिने वहीत चित्र काढलं, दुसऱ्या रात्री परत काढलं. ठिपके हलले होते! "मामा, हे फिरतायत!" एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली.

तर, तुमच्या घरात भाचा, पुतणी, कुणी छोटं माणूस असेल तर एवढंच करा. आकडे नंतर, लाडू आधी. प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी तो प्रश्न कुठून आलाय ते विचारा. दोन रात्री लागोपाठ चित्र काढायला लावा. आणि दुर्बीण दिवसा सूर्याकडे कधीही, कधीही वळवू देऊ नका.

मी आता २८ वर्षांचा आहे. शनीच्या हिशोबाने अजून माझं पहिलं वर्षसुद्धा पूर्ण झालेलं नाही, तेव्हा चुका होणारच. तुमच्या घरच्या छोट्यांचे अवघड प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच. काळजी घ्या!